साठ शब्द आणि कोरा चेक

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याची टाकी धुवायचा ठराव झाला. सेक्रेटरी तो वाचत होते तेव्हा मी मनातल्या मनात शब्द मोजले (नसती खोड आहे, मान्य) तर नव्वदच्या वर भरले. टाकी कोणी धुवायची, पैसे किती, कुठल्या तारखेच्या आत, नाही धुतली तर डिपॉझिट कापायचं का, सगळं त्यात. आणि मला एकदम आठवलं की अमेरिकेने ज्या ठरावाच्या जोरावर अफगाणिस्तानपासून येमेन-सोमालियापर्यंत वीस वर्षं बॉम्ब टाकले त्यातलं मुख्य वाक्य फक्त साठ शब्दांचं आहे. साठ! त्यात हल्ल्याची सोडली तर तारीख नाही, कुठल्या देशाचं नाव नाही, शत्रूचं नाव नाही, हे संपणार कधी ते तर नाहीच नाही. आमच्या सेक्रेटरींसमोर असला ठराव आला असता तर त्यांनी चष्मा काढून तो परत पाठवला असता.

मी १९९९ ला वाय-टू-केच्या (कॉम्प्युटरमधल्या २००० सालच्या घोळाच्या) लाटेत ओहायोत डेटनला गेलो आणि दोन वर्षांत परत येतो म्हणता म्हणता सोळा वर्षं काढली. त्यामुळे यातलं बरंचसं वाचलेलं नाही, तिथं राहून बघितलेलं आहे. आता सांगलीत बसून तुला तिकडचं काय पडलंय असं बायको पण विचारते. पडलंय, कारण लोकशाही म्हटलं की आपल्याकडे लगेच त्यांचा दाखला देतात, आणि एखादी लोकशाही सारखी लढायला लागली की आतून तिचं काय होतं याचं इतकं ढळढळीत उदाहरण दुसरं नाही.

डेटन म्हणजे राइट बंधूंचं गाव, आणि गावाला लागूनच विमानदलाचा प्रचंड बेस. अर्धं गाव त्या बेसवर नाहीतर बेसला काहीतरी विकणाऱ्या कंपनीत. भारतातून कोणी पाहुणा आला की त्याला विमानदलाच्या म्युझियममध्ये न्यायचं हा आमच्यात नियमच होता कारण प्रवेश फुकट आणि अख्खा दिवस जातो. २००२ च्या उन्हाळ्यात आई-बाबा आले तेव्हा त्यांनाही नेलं. तिथं बॉक्सकार आहे, नागासाकीवर अणुबॉम्ब टाकलेलं खरंखुरं विमान, चकचकीत पुसून ठेवलेलं. आई त्याच्यापुढे बराच वेळ उभी राहिली, मग म्हणाली, "ह्याच विमानातनं टाकला होय रे?" मी हो म्हटलं. शेजारी एक पोरगं आइस्क्रीम खात त्याच्या आजोबांना पंखांची लांबी विचारत होतं. आई काही बोलली नाही, फक्त बाहेर आल्यावर म्हणाली, भूक नाहीये मला. आम्ही तोपर्यंत तिथं दहा-बारा वेळा गेलो असू, मला कधी भूक गेल्याचं आठवत नाही. सवय.

तर ते साठ शब्द. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तिसऱ्या दिवशी, १४ तारखेला, ठराव मांडला आणि त्याच दिवशी पास केला. सिनेटमध्ये ९८ विरुद्ध शून्य, खालच्या सभागृहात ४२० विरुद्ध १. तो एक म्हणजे बार्बरा ली, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या तेव्हाच्या खासदार. त्यांचे वडील स्वतः लष्करात अधिकारी होते, म्हणजे बाईंना सैन्य काय असतं ते पुस्तकातून शिकायचं नव्हतं. त्या दुपारी वॉशिंग्टनच्या कथीड्रलमध्ये मृतांसाठी प्रार्थना होती, तिथं बसल्या बसल्या त्यांचं मन ठरलं आणि संध्याकाळी उभं राहून दीड-दोन मिनिटं बोलल्या, आवाज कापत होता. कुठं थांबायचं आणि नेमकं कुणावर, हे ठरवल्याशिवाय युद्धात शिरू नका, एवढंच म्हणणं. नंतर त्यांनी या ठरावाला कोरा चेक म्हटलं. यावर त्यांना जिवे मारायच्या इतक्या धमक्या आल्या की पोलीस संरक्षण द्यावं लागलं.

आता खरं सांगतो, त्या रात्री टीव्हीवर बघताना मला पण वाटलं की काय बाई आहे, ही काय वेळ आहे का असलं बोलायची. आमच्या मराठी मंडळात तर एक काका म्हणाले की हिला अफगाणिस्तानात पाठवा, आणि सगळे हसले, मी पण हसलो. तीन दिवसांपूर्वी तीन हजार माणसं मेलेली, राग कुणाला नव्हता? पण घटनाकारांनी युद्ध पुकारायचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला न देता काँग्रेसला दिला (काँग्रेस म्हणजे त्यांची संसद, आपल्या काँग्रेसशी संबंध नाही) तो अशा रागाच्या दिवसासाठीच दिला होता ना! राजा एकट्याच्या डोक्याने लढायला निघतो, म्हणून पाचशे डोक्यांनी भांडून मग ठरवावं. आणि गंमत म्हणजे अमेरिकेने रीतसर युद्ध शेवटचं पुकारलं ते १९४२ मध्ये. त्यानंतर कोरिया, व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान, लाखो माणसं मेली पण पुकारलेलं युद्ध एकही नाही. व्हिएतनामच्या वेळी असाच घाईचा ठराव झाला होता, ऑगस्ट १९६४, टोंकिनच्या आखातात आमच्या बोटींवर दुसऱ्यांदा हल्ला झाला म्हणून. खालच्या सभागृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. तो दुसरा हल्ला झालाच नव्हता. हे नक्की कळेपर्यंत ५८ हजार अमेरिकन पोरं गेली आणि व्हिएतनामी किती त्याची तर धड मोजदाद नाही.

त्यातून शहाणे होऊन १९७३ मध्ये त्यांनी निक्सनचा व्हेटो मोडून कायदा केला की राष्ट्राध्यक्षाने परवानगीशिवाय सैन्य लढाईत घातलं तर ४८ तासांत कळवायचं आणि ६० दिवसांत परवानगी नाही मिळाली तर काढून घ्यायचं. छान कायदा. मग २०११ मध्ये ओबामांच्या लोकांनी लिबियाच्या वेळी काय सांगावं, की आम्ही वरून बॉम्ब टाकतोय पण आमचे सैनिक खाली नाहीत, समोरून गोळीबाराची भीती नाही, तेव्हा कायद्याच्या अर्थाने ही लढाईच नव्हे. म्हणजे ६० दिवस लागूच नाहीत! मला ओबामा आवडायचे, अजूनही बऱ्यापैकी आवडतात, पण हे ऐकून मी गाडी चालवता चालवता मोठ्याने हसलो होतो. वकिलाला फी दिली की तो पावसाला पण ऊन म्हणतो.

साठ शब्दांचं पण तसंच झालं. मूळ मजकूर सांगतो की ११ सप्टेंबरचा हल्ला ज्यांनी केला किंवा ज्यांनी त्यांना आसरा दिला त्यांच्यावर बळ वापरा. मग कोणीतरी त्यात 'आणि त्यांचे सहयोगी' असं वाचायला लागलं, जे शब्द त्यात नाहीतच. मग सोमालियातली अल-शबाब ही दहशतवादी संघटना आली, मग २०१४ मध्ये आयसिस. २००१ मध्ये या नावाचं कुणी जन्मालाच आलं नव्हतं, तरी कागद तोच. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, पण इथं मजा अशी की ओसरी देणारा घरमालक स्वतःच दार लावून आत जाऊन झोपला. कारण मत दिलं की जबाबदारी येते, निवडणुकीत कोणी विचारतं. मत नाही दिलं तर युद्ध बरं चाललं की टाळ्या वाजवायच्या आणि फसलं की राष्ट्राध्यक्षाकडे बोट दाखवायचं, दोन्हीकडून फायदा. २०१७ मध्ये नायजरमध्ये चार अमेरिकन सैनिक मारले गेले तेव्हा लिंडसे ग्रॅहम, सिनेटमधला लष्करी विषयातला एवढा जुना माणूस, टीव्हीवर म्हणाला की नायजरमध्ये आपले हजारएक सैनिक आहेत हे मला माहीत नव्हतं. हे वाक्य मी दोनदा ऐकलं. बरं त्याच वर्षी जूनमध्ये बार्बरा ली बाईंनी हा ठराव रद्द करायची दुरुस्ती एका समितीत आणली आणि रिपब्लिकनांनी पण पाठिंबा दिला, चक्क टाळ्या वाजल्या. थोड्याच आठवड्यांत वरच्यावर कुणीतरी ती दुरुस्ती बिलातून काढून टाकली. चर्चा नाही, मतदान नाही.

आणि आता नागरिकाचं. अन्वर अल-अवलाकी नावाचा धर्मोपदेशक, जन्म न्यू मेक्सिकोचा, म्हणजे अमेरिकन नागरिक, माणूस अजिबात चांगला नव्हता, अल-कायदासाठी पोरं भडकवायचा. त्याला सप्टेंबर २०११ मध्ये येमेनमध्ये ड्रोनने मारला. खटला नाही, आरोपपत्र नाही. दोन आठवड्यांनी त्याचा सोळा वर्षांचा मुलगा दुसऱ्या एका हल्ल्यात गेला, तोही अमेरिकेत जन्मलेला. नागरिकाला कोर्टाशिवाय मारता येतं असं सांगणारी कायदेशीर टिपणी लिहिलेली होती, पण ती गुप्त, २०१४ मध्ये कोर्टाने सांगितलं तेव्हा कुठं लोकांना वाचायला मिळाली. म्हणजे कायदा आहे पण तुम्हाला दाखवणार नाही. हे कुठल्या तरी लष्करशहाच्या देशात झालं असतं तर आपण मान हलवून पुढचं पान उलटलं असतं.

पण मला जास्त जवळून दिसलं ते वेगळंच. २००२ च्या शेवटी त्यांनी स्पेशल रजिस्ट्रेशन नावाचा प्रकार काढला. पंचवीस देशांच्या यादीतले, म्हणजे उत्तर कोरिया सोडला तर जवळजवळ सगळे मुसलमान बहुसंख्येचे देश, तिथले सोळा वर्षांवरचे पुरुष जे व्हिसावर आलेत त्यांनी सरकारी ऑफिसात जाऊन बोटांचे ठसे द्यायचे, फोटो काढायचा, शपथेवर मुलाखत द्यायची. आमच्या रविवारच्या टेनिस बॉल टीमचा विकेटकीपर कराचीचा होता, आम्ही त्याला भाईजान म्हणायचो. त्याचा नंबर २००३ च्या सुरुवातीला लागला. लॉस एंजेलिसला असे स्वतःहून हजर झालेल्या शेकडो लोकांना तिथल्या तिथं अडकवून ठेवल्याच्या बातम्या येऊन गेल्या होत्या. त्याने मला फोन करून विचारलं, तू गाडी चालवशील का? मला वाटलं गाडी बिघडलीय. तर म्हणतो, "नहीं यार, मैं वापस न आया तो गाडी वहीं खडी रह जाएगी, टो हो जाएगी." एवढाच त्याचा विचार, की गाडी टो होऊ नये. गाडीची चावी, घराची चावी, भावाचा नंबर असं सगळं एका झिपलॉक पिशवीत घालून त्याने माझ्याकडे दिलं.

मी पार्किंगमध्ये साडेचार तास बसलो. बर्फ पडत होता, हीटर चालू ठेवला की पेट्रोल जातं म्हणून मधे मधे बंद करायचो. तो आला तेव्हा तोंड असं करून आला की आधी मला वाटलं मागनं कोणीतरी येतंय. काही नाही झालं, सुटला. क्रेडिट कार्डांचे नंबर विचारले, बँक कुठली, कुठल्या मशिदीत जातोस, घरमालक कोण. मग आम्ही वाटेत थांबून कॉफी घेतली आणि वर्ल्ड कपबद्दल बोललो, कारण दुसरं काय बोलणार. आणि मी इथं एक कबूल करतो, भारत त्या यादीत नव्हता आणि त्या साडेचार तासांत मला हायसं वाटत होतं. माझी ग्रीन कार्डची फाइल चालू होती, मी ऑफिसात या प्रकाराबद्दल चकार शब्द काढला नाही. ८० हजारांच्या वर लोकांनी असं रजिस्टर केलं, तेरा हजारांच्या वर लोकांवर हद्दपारीची कारवाई सुरू झाली, आणि दहशतवादाखाली त्यातून एकही माणूस दोषी ठरला नाही. एकही. तसंही आपण यादीत नाही म्हणून निवांत राहण्यात अर्थ नव्हताच, ११ सप्टेंबरनंतर चौथ्या दिवशी ॲरिझोनात मेसा गावात एका शीख माणसाला त्याच्याच पेट्रोल पंपाबाहेर गोळ्या घातल्या होत्या, पगडी दिसली म्हणून. गोळी घालणाऱ्याकडे देशांची यादी नसते.

इराकचं तर सगळ्यांना माहीत आहे, त्यावर फार लिहीत नाही. ऑक्टोबर २००२ ला परवानगीचा ठराव, सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३, मार्चमध्ये युद्ध, आणि ज्या शस्त्रांसाठी गेलो ती मिळालीच नाहीत. त्यापेक्षा मला ते वातावरण आठवतं. जवळजवळ प्रत्येक गाडीवर पिवळ्या रिबिनीचं मॅग्नेट (सैनिकांना पाठिंबा म्हणून), मी पण लावलं होतं, उगाच वेगळं दिसायला नको म्हणून. डिक्सी चिक्स नावाचा गाण्याचा ग्रुप, त्यातली गायिका लंडनमध्ये म्हणाली की बुश आमच्या टेक्सासचे आहेत याची आम्हाला लाज वाटते, तर कंट्री रेडिओवरनं त्यांची गाणी गायब. २००३ च्या उन्हाळ्याअखेरच्या एका पोलमध्ये जवळपास ७० टक्के लोक म्हणत होते की ११ सप्टेंबरमागे सद्दामचा हात असावा. कुठल्याही कायद्याने कुणाचं तोंड बंद केलेलं नव्हतं बरं का. पेपर मोकळे, टीव्ही मोकळा, कोर्टं मोकळी. लोक आपणहून गप्प. मेलेल्या सैनिकांच्या शवपेट्या डोव्हरच्या विमानदलाच्या तळावर विमानातून उतरायच्या, त्यांचे फोटो काढायला २००९ पर्यंत बंदी होती, आणि ती उठेपर्यंत अशी बंदी आहे हे माझ्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं.

माहीत असायचं कारणच काय? सक्तीची भरती १९७३ मध्येच बंद झालेली. लढायला जाणारे एक टक्क्याहूनही कमी, आणि तेही ठरावीक गावांतले, ठरावीक घरांतले. आमच्या ऑफिसात तीनशे माणसं, त्यातला एकाचा मुलगा इराकमध्ये होता, तो माणूस लंच टाइममध्ये एकटाच गाडीत जाऊन बसायचा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. बाकीच्यांना कर वाढला का? उलट २००१ ला कमी केला आणि युद्ध चालू असताना २००३ ला आणखी कमी केला. युद्धं सगळी उधारीवर. ऋण काढून सण म्हणतात ते हेच, फक्त सण दुसऱ्याच्या अंगणात. ब्राउन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी सगळ्या युद्धांचा मिळून हिशोब ८ ट्रिलियन डॉलर काढलाय, त्यात जखमी सैनिकांचा पुढच्या कित्येक वर्षांचा औषधोपचार धरून. मत देणाऱ्याला बिल येत नाही आणि बिल ज्याला येणार तो अजून मत द्यायच्या वयाचा नाही, मग विचारणार कोण?

आणि एकदा का एवढी यंत्रणा उभी राहिली की ती थांबत नाही. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर, स्वतः पाच स्टारचा जनरल, जानेवारी १९६१ मध्ये पद सोडता सोडता सांगून गेला होता की लष्कर आणि शस्त्रांचे कारखाने यांच्या युतीवर लक्ष ठेवा. मला ते वाक्य लिमाला कळलं. डेटनहून डेट्रॉइटला जाताना हायवेवर तासा-सव्वातासाने लिमा लागतं, तिथं देशातला एकुलता एक रणगाड्यांचा कारखाना. २०१२ मध्ये लष्करप्रमुख जनरल ओडिएर्नो यांनी काँग्रेससमोर सांगितलं की आम्हाला सध्या रणगाडे नकोत, काही वर्षं काम थांबवलं तरी चालेल. ज्याने लढायचं तोच नको म्हणतोय! तरी दोन्ही पक्षांच्या खासदारांनी मिळून पैसे मंजूर केले, कारण लिमातल्या नोकऱ्या आणि देशभर पसरलेले सुटे भाग करणारे कारखाने. मी लिमाच्या वेल्डरला हसणार नाही, त्याची नोकरी खरी, त्याचं घराचं कर्ज खरं, आणि कसबी माणसं एकदा पांगली की परत गोळा होत नाहीत हा मुद्दाही खोटा नाही. पण मग रणगाडा कशासाठी बनतोय ते तरी सांगा की.

उरलेलं सामान घरी येतं. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. लष्कराचं जास्तीचं सामान पोलिसांना द्यायची योजना नव्वदीपासूनच होती, इराक-अफगाणिस्तानचं उतरायला लागल्यावर त्यात सुरुंगाला न जुमानणाऱ्या चिलखती गाड्या पण आल्या. २०१३ मध्ये ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या पोलिसांनी एक घेतली. कॉलेजच्या पोलिसांनी! न्यू हॅम्पशायरमधल्या कीन नावाच्या छोट्याशा गावाने चिलखती गाडीसाठी सरकारी अनुदान मागितलं, तर अर्जात संभाव्य धोक्यांमध्ये गावच्या भोपळ्यांच्या जत्रेचा उल्लेख. आम्ही ऑफिसात यावर आठवडाभर हसलो. मग ऑगस्ट २०१४ मध्ये मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसन गावात पोलिसांनी एका काळ्या पोराला गोळ्या घातल्या, लोक रस्त्यावर आले, आणि टीव्हीवर तसल्याच गाड्यांच्या टपावर पोलीस बंदुका रोखून बसलेले. इराकमधून परतलेले सैनिक ट्विटरवर लिहीत होते की आम्ही बगदादमध्ये सुद्धा गर्दीवर अशी बंदूक रोखत नव्हतो. मग कोणी हसलं नाही.

हल्ली आमच्या शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी 'एकदाचं घुसून संपवून टाका' असं टाकतं आणि खाली पंचवीस अंगठे येतात, तेव्हा मी फक्त विचारतो, संपवून टाका म्हणजे कधीपर्यंत? एकाने मला देशद्रोही म्हटलं, तो माझ्या बेंचवर बसायचा. ग्रुपमधून अजून काढलेलं नाही.

वॉल्टर जोन्सबद्दल सांगायचं राहिलं. नॉर्थ कॅरोलिनाचा रिपब्लिकन खासदार, मतदारसंघात मरीन सैनिकांची मोठी छावणी. इराकसाठी हो म्हणून मत दिलं. फ्रान्सने युद्धाला विरोध केला म्हणून संसदेच्या कँटीनमधल्या फ्रेंच फ्राइजचं नाव 'फ्रीडम फ्राइज' करायचं डोकं ज्या दोघांनी लढवलं त्यातला हा एक. २००३ मध्येच तो एका मरीनच्या अंत्यविधीला गेला, त्याची बायको, लहान पोरं, आणि तिथून हा माणूस पार बदलला. मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी पत्र लिहायला लागला, स्वतः सही करून, हजारो पत्रं, २०१९ मध्ये मरेपर्यंत. आपल्या ऑफिसबाहेरच्या भिंतीवर त्या सैनिकांचे फोटो लावले. मी नीट न विचारता मत दिलं, हे त्याचं प्रायश्चित्त आहे असं तो उघड सांगायचा, आणि शेवटी बार्बरा ली बाईंच्या बरोबरीने युद्धावर चर्चा घ्या म्हणून भांडायचा. त्याच्या पक्षाने त्याला कमिटीत कधी पुढं येऊ दिलं नाही. लोकांनी मात्र दर वेळी निवडून दिलं, छावणीच्या गावातल्या लोकांनी.

भाईजान २००५ मध्येच टोरांटोला निघून गेला. ते रजिस्ट्रेशनचे नियम डिसेंबर २०१६ मध्ये कायमचे रद्द झाले तेव्हा मी त्याला सांगलीहून मेसेज केला, की बघ, गेलं एकदाचं. त्याचा रिप्लाय आला, साथीला एक फोटो. त्या दिवशी मिळालेला शिक्क्याचा कागद, अजून त्याच झिपलॉक पिशवीत. खाली लिहिलं होतं, "रखा है संभाल के, कोई पूछे तो." मग त्याने विचारलं की गुडघ्याचं ऑपरेशन झालं का तुझं, अजून खेळतोस का.